ज्याच्या नावाची मूठ नाही

देवपूर, धुळे
सोमवार, १६ जून २०२५

भाऊ,

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मला काही नको आहे.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवशील, कामिनीवहिनी दोन दिवस त्याच्या आजूबाजूला झाडून काढतील आणि तिसऱ्या दिवशी तू ते उघडशील, हे मला इथे बसून दिसतंय. तीन वर्षांत ती सवय बदलली असेल तर चांगलंच आहे.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, माझा आवाज तपासतोस. भरभर बोललो की गोळ्या चालू आहेत ना. हळू बोललो की बरं नाही का. गेल्या दिवाळीला तो एकच फोन झाला आपला. मी विचारलं, यंदा केळीची बाग कशी आहे, घड कसे पडलेत. तर उत्तर द्यायच्या आधी तू बाजूला तोंड करून वहिनींना म्हणालास, 'ठीक वाटतोय.' मला ऐकू आलं होतं ते. कागदाला आवाज नसतो, तेवढाच फायदा.

माझं चांगलं चाललंय. बेबाबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या पिठाच्या चक्कीवर मी दोन वर्षांपासून काम करतो. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. चक्कीच्या मागे एक खोली आहे, ती मला दिली आहे. दवाखान्यात आधार नावाचे वॉर्डबॉय होते, त्यांनी ही सोय लावून दिली. सकाळी आठला चक्की सुरू होते, संध्याकाळी सातला बंद. पीठ केसांत बसतं, त्यामुळे मी आत्ताच आपल्या आजोबांएवढा म्हातारा दिसतो. तब्येत उत्तम. पूर्ण बरा आहे.

पत्राचं कारण कानबाई. नागपंचमी एकोणतीस जुलैला आहे, म्हणजे कानबाई तीन ऑगस्टच्या रविवारी बसणार. मला घरी यायचं आहे.

इथल्या डॉक्टरीणबाई नागपूरच्या. त्यांना सगळं मुळापासून सांगावं लागलं. म्हटलं, मॅडम, आमच्या खान्देशात कानबाई देवीच्या रोटासाठी गहू मोजून घेतात. भाऊबंदांत जितके पुरुष असतील तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. आठ दिवसांचं पोरगं असो नाहीतर खाटेला खिळलेला म्हातारा असो, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. त्या पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट, ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, तुमच्या नावाची मूठ अजून घेतात का?

मला सांगता आलं नाही. म्हणून तुला विचारतोय. घेता का?

हेमराज


बुधवार, २ जुलै २०२५

भाऊ,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज पोस्टमनच्या सायकलकडे बघतो खरा.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. 'पूर्ण बरा आहे' हे मी लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. तेव्हापासून ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतंय. पीठ दळणाऱ्या माणसाला खडा पहिल्यांदा कळतो.

मार्चमध्ये मी गोळ्या बंद केल्या होत्या. कोणाला विचारलं नाही. दीड वर्ष झोप व्यवस्थित, डोकं शांत, म्हटलं आता कशाला. हात थरथरतो, वजन वाढलंय, दुपारी डोळ्यांवर झापड येते. माणसाला बरं वाटलं की तो पहिल्यांदा औषधावरच रुसतो. तीन आठवडे झकास गेले. मी चक्कीच्या दगडांना दोनदा छिन्नीने टाकी लावली, गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिचं दळण घरपोच नेऊन दिलं, आणि दारावर चार वेगवेगळ्या रंगांत 'येथे प्रेमाने दळून मिळेल' असं लिहिलं. बेबाबाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चक्कीचा पट्टा बंद केला आणि मला म्हणाल्या, ''हेमराज, तू गोया ली राह्यना का नही?'' एवढंच. मी स्टुलावर बसलो आणि रडायला लागलो.

सोळा दिवस वॉर्डात होतो. तुला कळवू नका, असं मीच सांगितलं. तू आला असतास तर त्रास झाला असता, आणि नसतास आला तर जास्त.

या दुखण्याला बायपोलर म्हणतात हे तुला डॉक्टरांनी बावीस सालीच सांगितलं होतं. तू 'हो हो' म्हणालास आणि वहिनींच्या माहेरच्या भगताकडे लिंबू घेऊन गेलास. मी चिडून लिहीत नाही. मीही सत्ताविसाव्या वर्षापासून त्याला दुसरंच काही म्हणत होतो. कधी हुशारी म्हणत होतो, कधी आळस. लग्नाचं बघताना तुम्ही लोकांना 'जरा हळवा आहे' असं सांगायचात. हळवा! एका वर्षात तीन स्थळं परत गेली, तेव्हा मीही तेच म्हणायला लागलो.

दारावरची अक्षरं अजून आहेत. मी पुसायला गेलो तर बेबाबाई नको म्हणाल्या, गिऱ्हाईक हसत हसत येतं म्हणे. मला मात्र दर वेळी आत शिरताना मान खाली घालावी लागते. तो मीच होतो. वेगळा कोणी नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे मान्य करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मला तर वाटतं त्यापेक्षा चक्कीचे दगड उचलणं सोपं आहे.

तर आता खरं ते असं: मी गोळ्यांवर ठीक आहे. त्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. हे वाचून 'येऊ नको' म्हणालास तरी चालेल, पण खोट्यावर 'ये' म्हणू नको.

हेमराज


मंगळवार, १५ जुलै २०२५

भाऊ,

परवा वहिनींचा फोन आला. मागे तुझा खोकला ऐकू येत होता, म्हणजे तू तिथेच बसला होतास. स्वतः बोलला असतास तर काही बिघडलं नसतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझाही आणि माझाही.

निरोप मिळाला. यायला हरकत नाही. मूठही टाकाल. पण रोट मांडल्यावर, सगळ्या भाऊबंदांसमोर, कानबाईपुढे उभं राहून मी म्हणायचं की माझ्या हातून रोट घराबाहेर गेला, म्हणून माय गेली, देवी मला माफ कर. वहिनी हे वाचून दाखवल्यासारखं बोलत होत्या. मी 'बरं' म्हटलं.

खरंच म्हटलं. मला राग आला नाही. तीन वर्षं झाली, भाऊ, मी थकलोय. एक वाक्य म्हटलं की घर मिळणार असेल तर म्हणून टाकू, असं वाटलं. रात्रीची गोळी घेताना एकदा म्हणून पाहिलं, सकाळी चक्की पुसताना एकदा. तसं ते वाक्य मला नवं नाही. माझ्या डोक्यात ते तुझ्याही आधीपासून आहे.

कारण घडलं ते घडलंच. बावीस सालच्या कानबाईला मी नऊ दिवस झोपलेलो नव्हतो. सतरा पुरुषांच्या नावाचे रोट भाजून झाले होते, सगळे उपाशी ताटावर बसायचे होते, आणि मी टोपलं उचलून मोटरसायकलवर यावलच्या एसटी स्टँडला गेलो. तिथे दिसेल त्याला रोट दिले. चोपड्याच्या गाडीतले मजूर, शेंगा विकणारी, पोलीस, भिकारी, सगळ्यांना. तू आणि चुलतभाऊ भिकन दुपारी आलात तेव्हा टोपलं रिकामं होतं. तू माझ्या तोंडात मारलीस आणि ठिबकच्या नळीने माझे हात बांधलेस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. नळीचं काय, बागेत जे हाताशी असतं ते आपण वापरतो.

दिवाळीत माय गेली. मी वॉर्डात होतो. मला तेराव्याच्या दिवशी कळलं. ते तुम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने केलं असं म्हणता, आणि मी तसंच धरून चालतो.

आता तुला कालचं सांगतो. पुढच्या आठवड्यापासून इथे रोटाची दळणं येतील. धुळ्यातही घराघरात कानबाई बसते. त्यासाठी चक्की झाडून, ओल्या फडक्याने पुसून, वेगळं दळावं लागतं. गेली दोन वर्षं त्या दिवसांत मी काही ना काही कारण काढून सुट्टी घेतली. एकदा पोट दुखलं, एकदा दात. यंदा बेबाबाईंनी आधीच विचारलं, आता काय दुखणार आहे? मग मी सगळं सांगितलं. स्टँड, टोपलं, नळी, माय. म्हटलं, माझा हात रोटाला लागू नये.

बेबाबाई दळणाचा डबा झटकत होत्या. म्हणाल्या, ''तुना हातले काय व्हयनं? दोन वरीस व्हयनात, बठ्ठी गल्ली तुना हातनं पीठ खाई राह्यनी. कोणी मरनं का?''

मी म्हटलं, माझी माय मेली.

तिला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. किडनी, म्हटलं. कधीपासून? मी सांगितलं की जळगावचे डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांपासून खराब होत आली असणार, लक्षात आलं नाही. बेबाबाईंनी डबा खाली ठेवला. ''मंग तो रोट काय दोन वरीस मांगे जाईसन लागना का तिले?''

मी हसलो, भाऊ. मायचं नाव निघालेलं असताना हसलो, आणि मग लगेच घाबरलो, की हे हसणं नेहमीचं आहे की दुखण्याचं. हल्ली माझं हेच होतं. हसलो तरी तपासतो, गप्प राहिलो तरी तपासतो. दुसऱ्यांनी माझ्यावर पहारा ठेवायचा बंद केला, तर मी स्वतःच स्वतःचा शिपाई झालोय.

वहिनींना 'बरं' म्हटलं ते अजून तसंच आहे. पण ते वाक्य आज सकाळी तोंडातून बाहेर पडेना. पाहू.

हेमराज


शुक्रवार, २५ जुलै २०२५

भाऊ,

हे पत्र एकट्याने वाच. वहिनींनाही नंतर दे.

मी ते वाक्य म्हणणार नाही.

दहा दिवस प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हणून टाकू का? त्या म्हणाल्या, खरं असेल तर म्हणा. डॉक्टर लोक असेच असतात, पैशाचा सल्ला विचारला तर वजन करा म्हणतील. पण ते 'खरं असेल तर' माझ्या मागे लागलं. कारण अर्धं खरं मी तुला कधी सांगितलंच नाही.

स्टँडवर मी एकटा नव्हतो. माय होती.

तुम्ही सगळे मला नदीकडे आणि मळ्यात शोधत होता तेव्हा ती रिक्षाने यावलला आली. मी कुठे जाईन हे तिला कसं कळलं ते देव जाणे. मी बाकावर उभा राहून ओरडत होतो, या, सगळे माझ्या घरचे आहेत, सगळ्यांनी खा. ती समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता टोपलं ओढून घेईल. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि खाली बस म्हणाली. मी बसलो. नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणाचं ऐकून बसलो होतो. मी तिला म्हटलं, माय, हे वाटू दे मला, नाहीतर माझं डोकं फुटेल. तिने टोपल्यात बघितलं. निम्मे रोट गेलेच होते. मग ती माझ्या शेजारी बसली, टोपलं स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि एक एक रोट काढून माझ्या हातात द्यायला लागली. मी तो लोकांना द्यायचो. ओरडणं आपोआप थांबलं. रांग लागली. घरात पंगतीला वाढतात तसं झालं ते.

मी विचारलं, देवी कोपेल का गं? ती काय म्हणाली ते शब्द मी तीन वर्षं विसरलेलो नाही.

''चाळीस वर्सं झाले रे मले या घरात. मी दळलं, मी भाजलं. माह्या नावाची मूठ कोनी घेतली का कधी? तरी खातेच ना मी. खाऊ दे लोकाईले.''

खरंच की रे. बायकांच्या नावाची मूठ आपल्याकडे घेतच नाहीत. माय, वहिनी, तुझी लेक ऋतिका, कोणाचीच नाही. मी आयुष्यात कधी त्यावर विचार केला नव्हता. सतरा मुठींत माझी होती ना, मग झालं.

रोट संपत आले तेव्हा तिने चपला काढल्या आणि पाय बाकावर घेतले. पाय सुजून टम्म झाले होते. बोट दाबलं की खळगा पडत होता. मला त्या दिवशी सगळं काही दिसत होतं, आभाळातलं आणि पाताळातलं, पण तो खळगा मला दिसूनही दिसला नाही. रोज तिच्याबरोबर राहणाऱ्या तुलाही नाही. माफी मागायचीच असेल तर याची मागू, दोघांनी मिळून.

मग ती उठली आणि तुझं नाव घेऊन म्हणाली, ''लोटनले सांगू नको मी इथी होती म्हनून.'' तशीच रिक्षा करून परत गेली. घरी तिने सांगितलं की मारुतीच्या देवळात नवस बोलायला गेले होते. पुढे तुम्ही सगळे मला बोलत होता तेव्हाही ती गप्पच राहिली. त्याचा मला राग आहे. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, असं म्हणतात, पण येतं.

मी का लपवलं? एक तर तिने सांगितलं होतं. दुसरं, वेड्याची साक्ष धरणार कोण? आणि तिसरं, तुझी माय तुझ्यापुरती बिनडागाची राहू द्यावी, असं वाटलं. मला डाग होतेच, त्यात आणखी एक.

आणि आता शेवटचं, जे डॉक्टरीणबाईंनाही मी मागच्याच आठवड्यात सांगितलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. दुखणं होतं, मला माहीत आहे. मी गोळ्या घेतो त्या तसा दिवस पुन्हा येऊ नये म्हणूनच घेतो. पण त्या बाकावर बसलेला हेमराज कोणी परका होता, त्याच्या वतीने मी माफी मागतो, असं मला म्हणता येत नाही. तो थकलेला होता, आजारी होता, आणि भुकेल्या माणसांना खायला देत होता. मी त्याला घरात घेतलंय. तुम्ही घ्यायच्या आधी मलाच घ्यावं लागलं.

तर मी येत नाही. मूठ टाका अगर टाकू नका. इथे शनिवारी चौदा घरांची रोटाची दळणं आहेत, ती मी दळणार आहे.

हेमराज


मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

भाऊ,

तुझा डबा इथेच राहिला. धुऊन ठेवलाय.

काल साडेचारला चक्कीच्या दारात तुला बघितलं तेव्हा मला आधी वाटलं, कोणी गेलं. आपल्याकडे न कळवता माणूस येतो तो तसल्याच बातमीला. तू दारावरची रंगीत अक्षरं वाचत उभा होतास आणि बेबाबाई तुला विचारत होत्या की दळण कुठे आहे. तू पिशवी पुढे केलीस. त्यांनी डबा उघडला, आत बघितलं, आणि पट्टा बंद करून घरात निघून गेल्या. धुळ्याच्या बाईला रोट ओळखू येतात. ते घराबाहेर काढत नाहीत हेही तिला ठाऊक असतं.

तुला मी थोरला म्हणून ओळखतो. सहावीत असताना मी देवळाच्या पायरीला चपलेचा पाय लावला म्हणून तू मला पुन्हा आंघोळ घातली होतीस. तो तू सकाळी देवीचं विसर्जन करून, डबा मांडीवर घेऊन, भुसावळ-जळगावमार्गे तीन गाड्या बदलत आलास. स्टँडवर कोणी विचारलं नाही ना, डब्यात काय आहे?

तू म्हणालास, बारीक झालास. मी म्हटलं, दहा किलो वाढलंय. तू म्हणालास, ते पिठाचं असेल. मग आपण खाल्लं. माझा हात थरथरत होता, तू बघितलंस आणि दुसरीकडे बघायला लागलास. मी म्हटलं, गोळीमुळे होतं ते. तू मान हलवलीस. मूठ टाकली होतीस की नाही, हे मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही, हे मला संध्याकाळी लक्षात आलं.

पत्राबद्दल तू काही बोलशील असं वाटत नव्हतं. पाणी पिऊन तू उठलास, चप्पल घातलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, ''माहीत होतं मले.''

मला कळेना. मग तू सांगितलंस की त्याच आठवड्यात यावल स्टँडवर चोपडा गाडीचा कंडक्टर तुला भेटला होता. त्याने विचारलं होतं, तुमची म्हातारी कशी आहे? म्हणजे तीन वर्षं तुला माहीत होतं. माझे हात बांधलेस त्याला आठवडा झाला नव्हता तेव्हापासून माहीत होतं. तरी सगळं माझ्यावर ठेवलंस, कारण तिच्यावर ठेवता येत नव्हतं. मला राग यायला हवा होता. कदाचित येईल, अजून दोन-चार दिवसांनी. मला सगळंच उशिरा येतं हल्ली. आला तर लिहीन, आणि तू ते वाचायचंस.

पण मग तू उंबऱ्यावर थांबलास आणि विचारलंस, ''कंडक्टर म्हने, म्हतारी हासत होती. खरं का रे?''

तुझा चेहरा, भाऊ. शेवटच्या दोन महिन्यांत तू तिला जळगावला नेत-आणत होतास, नळ्या, सुया, उलट्या. तुझ्याकडे तिचे तेवढेच दिवस शिल्लक असणार. मी नुसती मान हलवली आणि तुझी गाडी निघायची वेळ झाली. मान हलवणं हे काही उत्तर होत नाही. म्हणून लिहितोय.

रोट जवळजवळ संपले होते. चोपडा गाडी लागली होती. कंडक्टर खाली उतरला, त्याने रांग बघितली, मायच्या मांडीवरचं टोपलं बघितलं, माझा अवतार बघितला. मी नऊ दिवसांचा जागा, शर्ट उलटा घातलेला, गळ्यात कोणीतरी टाकलेला झेंडूचा हार. त्याला माझ्या हातून एक रोट मिळाला. त्याने अर्धा खाल्ला आणि मायला विचारलं, ''लगन कोनाचं हाय, आजी?''

मायने माझ्याकडे बघितलं. चाळिशीला आलेला, तीन स्थळं परत गेलेला, उलट्या शर्टातला मी. तिने माझ्या गळ्यातला हार सरळ केला.

''माह्या धाकल्याचं,'' म्हणाली.

आणि हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. कंडक्टरने घंटी वाजवली तरी तिचं थांबेना. हो भाऊ, हसत होती.

हेमराज